‘एक्सिजन बायोप्सी’ लिहिलं म्हणजे कॅन्सर ठरला का?

सोसायटीच्या ग्रुपवर, मग ऑफिसच्या, मग ट्रेनमधल्या मंडळींच्या, असा एक मेसेज सध्या मुंबईभर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कागदावर ‘एक्सिजन बायोप्सी’ लिहिलं असेल तर डॉक्टरांना कॅन्सर आधीच कळलेला असतो, ते फक्त सांगत नाहीत. गाठ पूर्ण काढली की आजार संपला, पुढचं सगळं बिल वाढवण्यासाठी. गाठीला सुई-सुरी लागली की कॅन्सर पसरतो. म्हणून तुकडा देऊच नका, रक्त तपासा आणि पेट स्कॅन (अंगातल्या जास्त साखर ओढणाऱ्या जागा चमकून दाखवणारा स्कॅन) करा.

सुरीने आजार संपतो आणि सुरीनेच पसरतो, हे एकाच मेसेजमध्ये कसं बसलं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. तरी एकेक बघू.

अख्खी गाठ किंवा अख्खा डाग काढून तपासायला पाठवला, की ती एक्सिजन बायोप्सी. त्यातला थोडासाच भाग घेतला तर इन्सिजन बायोप्सी. तोंडातल्या जखमेच्या कडेचा तुकडा घेतात तशी. ट्रूकटच्या जाड सुईने बारीक लांबट तुकडा येतो, एफएनएसीच्या सुईने नुसत्या पेशी. नमुना कसा घेतला एवढंच हे शब्द सांगतात. आत काय आहे ते नंतर कळतं: तुकडा फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावात) ठेवून, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून, 3-4 मायक्रॉनचे काप काढून, रंगवून पॅथॉलॉजिस्ट पाहतात तेव्हा. चरबीची साधी गाठही एक्सिजन होऊनच लॅबमध्ये येते.

‘गाठ काढली, आजार संपला’ हे मात्र धोक्याचं वाक्य आहे. मानेतली गाठ घ्या. आपल्याकडे ती टीबीची असणं अगदी नेहमीचं. लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची, शंका असेल तर शक्यतो अख्खी गाठ काढतात, कारण नुसत्या पेशी पाहून भागत नाही, गाठीच्या आतली त्यांची मांडणीही दिसावी लागते. रिपोर्टमध्ये टीबी आला तर महिनोन्‌महिने गोळ्या, लिम्फोमा आला तर बहुतेकदा केमो. गाठ काढणं हा दोन्हीकडे उपचार नव्हताच, ती तपासणी होती. टीबीची शंका असेल तर एक तुकडा फॉर्मलिनऐवजी सलाइनमध्ये पाठवायला हवा, हे ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही, म्हणजे जंतू वाढवून तपासता येत नाहीत, आणि कोणतं औषध लागू पडेल ते कळायचं राहून जातं. औषधांना दाद न देणारा टीबी ज्या शहरात इतका आहे, तिथे ही चूक महागात पडते.

स्तनातल्या गाठीबाबत तर आधी सुईने तुकडा घ्यावा, थेट गाठ काढू नये, हीच आज मान्य पद्धत आहे. कॅन्सर असेल तर तो कोणत्या प्रकारचा, ईआर, पीआर, हर-टू (औषध ठरवायला पेशींमध्ये तपासतात त्या खुणा) काय आहेत, यावर आधी केमो की आधी ऑपरेशन ते ठरतं. ‘साधीच दिसतेय, काढून टाकू’ म्हणून काढलेली गाठ कॅन्सरची निघाली आणि रिपोर्टमध्ये ‘मार्जिन पॉझिटिव्ह’ आलं, म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सर पोचलेला आहे. पॉझिटिव्ह हा शब्द वाचून घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि बाईला पुन्हा ऑपरेशन टेबलवर जावं लागतं.

आता पसरण्याचं. हे भय निव्वळ हवेतलं नाही, म्हणून झटकून टाकत नाही. वृषणाच्या गाठीत अंडकोशातून सुई घालत नाहीत, जांघेतून छेद घेऊन वृषणच काढतात. अंडाशयाची संशयास्पद गाठ फुटू नये म्हणून टोचायचं टाळतात. लिव्हरच्या काही गाठींचं निदान स्कॅनवरच करतात, कारण सुईच्या वाटेत पेशी रुजण्याचा थोडा धोका असतो. हाडाच्या वा स्नायूच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे सार्कोमात, सुईची वाट अशी आखतात, की पुढच्या ऑपरेशनमध्ये तीही काढता यावी. म्हणजे कुठे टोचायचं आणि कुठे नाही, हे सर्जनना पक्कं ठाऊक असतं. यावरून ‘कुठलीच बायोप्सी नको’ म्हणणं म्हणजे काही औषधं उपाशीपोटी चालत नाहीत म्हणून औषधच सोडण्यासारखं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर 2015 मध्ये ‘गट’ (Gut) या वैद्यकीय नियतकालिकात मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांचा अभ्यास आला. ऑपरेशन झालेल्या 2000 हून अधिक रुग्णांची त्यात तुलना होती. आधी सुईची तपासणी झालेले रुग्ण कमी जगले नाहीत.

रक्त आणि पेट स्कॅनचं दोन ओळींत. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी रक्तात बघतात ते सीए-125 एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजारातही) वाढतं, पोटाच्या टीबीतही. पेट स्कॅनमध्ये टीबीची गाठही कॅन्सरसारखीच चमकते, आणि मग तुकडा द्यावा लागतोच.

डॉक्टर लपवतात या आरोपावर उपाय सोपा आहे: हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे तुकड्याच्या तपासणीचा, पूर्ण रिपोर्ट मागा, आणि दुसरं मत हवं असेल तर लॅबमधून मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड घ्या. परळला टाटा मेमोरियलमध्ये बाहेर बायोप्सी झालेल्या रुग्णाला त्याच आणायला सांगतात. ब्लॉक उन्हात, तापलेल्या गाडीत ठेवू नका. मेण वितळतं.