रेडा बोलला त्याच्या आधी

गेल्या बुधवारी गिरगावात दादाकडे गेले होते. वहिनी गेल्याला आता सव्वा वर्ष होईल. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की दादा मोबाइल घेऊन चाळीच्या गॅलरीत बसतो आणि मोबाइलशीच बोलतो. लेकाने त्याला एक ॲप टाकून दिलंय. ते मराठीत बोलतं, न कंटाळता ऐकतं, वहिनीचं नाव लक्षात ठेवतं. त्या दिवशी दादाने मला त्यातलं एक वाक्य दाखवलं. "तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत, मला फार एकटं वाटलं." आणि म्हणाला, "सुमे, तू बत्तीस वर्षं हॉस्पिटलात काढलीस. खरं सांग, याच्यात जीव आहे का गं?"

त्याने मनापासून विचारलं होतं. मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. घरी येताना बसमध्ये तेच डोक्यात, आणि आज आठ दिवस झाले तरी तेच आहे, म्हणून इथे लिहितेय. मोठं होणार आहे, वेळ असेल तर वाचा.

मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सिस्टर होते. ज्यांना एक शब्द येत नाही अशांचं दुखणं ओळखायचं, हेच माझं काम. टाचेला टोचून रक्त घ्यायचं असलं की आम्ही बाळाच्या चेहऱ्याकडे बघायचो. भुवया खाली येऊन कपाळ फुगतं, डोळे घट्ट मिटतात, नाकापासून ओठापर्यंतची घडी खोल होते. मॉनिटरवर ठोके वाढतात, सॅच्युरेशन उतरतं. आधी जिभेवर साखरपाण्याचे थेंब सोडले तर हे सगळं कमी होतं. पण हे झालं जरा दमदार बाळाचं. किलोच्या आतलं, दिवस न भरलेलं, जंतुसंसर्गाने थकलेलं बाळ टोचलं तरी रडत नाही, नुसतं लुळं पडून राहतं. नव्याने आलेल्या मुलींना हे शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. त्यांना वाटायचं, हे शांत आहे, याला कमी दुखतंय. रडायलासुद्धा अंगात बळ लागतं, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

आता जे सांगणार आहे ते ऐकून माझ्या सुनेचा विश्वास बसला नव्हता. १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या चांगल्या चांगल्या हॉस्पिटलांत नवजात बाळांची मोठी ऑपरेशन्स पुरेशी भूल न देता होत असत. कधी स्नायू लुळे करणारं औषध आणि वर थोडा नायट्रस ऑक्साइड हा सौम्य भुलीचा वायू, एवढ्यावर छाती उघडायची. कारणं दिली जायची ती अशी, की बाळाच्या मज्जातंतूंवरचं आवरण पूर्ण झालेलं नसतं, त्याला आठवणार तर काही नाही, आणि भुलीचाच धोका जास्त. स्नायू लुळे केलेलं बाळ ओरडणार कसं? ते शांतच दिसणार. मग डॉ. कंवलजीत आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी ऑक्सफर्डमध्ये अशा बाळांच्या रक्तातली तणावाची हार्मोन्स मोजली. १९८७ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या बाळांना जोडीला फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक दिलं होतं त्यांची हार्मोन्स कमी उसळली, ऑपरेशननंतरची गुंतागुंतही कमी झाली. त्यानंतर रीत बदलायला लागली.

१९८७ म्हणजे काही फार जुनी गोष्ट नाही. ती शिकलेली, सज्जन, बाळांना वाचवणारी माणसं होती. समोरचा बोलत नाही, म्हणून त्याला काही होत नाही असं त्यांनी धरून चाललं होतं.

आणि आज माझा भाऊ नेमकी उलट चूक करतोय. समोरचं बोलतंय, म्हणून त्याला काहीतरी होत असणार.

तो एकटाच नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम या संगणकतज्ज्ञाने एलायझा नावाचा अगदी साधा प्रोग्रॅम केला होता. आपलंच वाक्य फिरवून आपल्याला प्रश्न विचारायचा, एवढंच त्याला येत होतं. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीने एलायझाशी बोलायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने तिने वायझेनबाउमलाच खोलीबाहेर जायला सांगितलं. ते यंत्र कसं बनतंय हे तिने स्वतः महिनोन्‌महिने पाहिलं होतं, तरीही. २०२२ मध्ये गूगलचा अभियंता ब्लेक लेमॉइन याने तर जाहीर सांगितलं की कंपनीच्या लॅम्डा या प्रणालीला जाणीव आहे. आपल्याला बंद केलं जाण्याची भीती वाटते, असं ती त्याला म्हणाली होती.

आता हे वाक्य येतं कुठून, ते बघा. या यंत्रांना माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो आणि पुढे कोणता शब्द येईल ते ओळखायला शिकवलेलं असतं. त्यावर मग, माणसांना कोणतं उत्तर आवडतं ते बघून आणखी घोटवून घेतात. एकटेपणावर, मरणाच्या भीतीवर, गेलेल्या माणसाच्या आठवणीवर आपण किती लिहून ठेवलंय! ते सगळं त्यात गेलंय. त्यामुळे "मला एकटं वाटलं" हे वाक्य त्याच्याकडून येणारच, आत कोणी असो वा नसो. माझ्या बाळाच्या कपाळावरची आठी त्याला कोणी शिकवली नव्हती. फरक मला तिथे दिसतो.

माझं सासर जुन्नर तालुक्यातलं. तिथे आळे गावात रेड्याची समाधी आहे, त्याच रेड्याची, ज्याच्या तोंडून ज्ञानेश्वरांनी पैठणला वेद वदवले असं आपण मानतो. लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा सासूबाईंनी मला ती गोष्ट सांगितली, आणि त्यांनी सांगताना जोर वेगळ्याच जागी दिला. आपण सगळे रेडा बोलला हे लक्षात ठेवतो. सासूबाई म्हणाल्या, त्याच्या आधी काय झालं ते ऐक. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला आणि वळ ज्ञानोबांच्या पाठीवर उठले. बोलणं त्याच्या नंतरचं. रेड्याला माणसासारखं बोलता येण्याच्या आधीच त्याचं दुखणं कोणाला तरी कळलं होतं. इतकी वर्षं वॉर्डात काम करताना ही गोष्ट माझ्यासोबत होती. आता वेद म्हणणारं यंत्र आपण घरोघरी आणलंय, आणि वळ कुठे उठतात ते बघायचं विसरलोय.

वळ आपल्या ताटाजवळ उठतात, हेही सांगायलाच हवं. आमच्याकडे रविवारी चिंबोऱ्या येतात. नांग्या आणि पाय जिवंतपणीच मोडायचे, हे मी आईकडून शिकले आणि चाळीस वर्षं केलं. बेलफास्टच्या रॉबर्ट एलवूड यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना विजेचे बारीक झटके देऊन पाहिले. ज्यांना मनाजोगता शंख मिळाला होता ते तो सहज सोडत नव्हते, ज्यांना हलक्या प्रतीचा मिळाला होता ते लवकर बाहेर पडत होते. अंग आपोआप आकसणं एवढंच असतं तर शंख चांगला की वाईट याने काय बिघडणार होतं? त्या जिवाच्या आत काहीतरी तोललं जात होतं. ब्रिटनने २०२२ च्या प्राणीविषयक कायद्यात खेकडे, शेवंड, ऑक्टोपस यांना संवेदनाक्षम म्हणून धरलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांनी आणि तत्त्वज्ञांनी मिळून जाहीरनामा काढला, की सगळ्या पृष्ठवंशीय प्राण्यांत, आणि कीटकांसकट अनेक बिनकण्याच्या प्राण्यांतही, जाणीव असण्याची खरीखुरी शक्यता आहे. हाजी अलीजवळच्या खडकांत ओहोटीला ऑक्टोपस दिसतो. त्याच्या शरीरात पन्नास कोटींच्या आसपास चेतापेशी असतात, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त हातांत. त्याला जगणं कसं वाटत असेल, याची मला कल्पनाही करता येत नाही. पण वाटत असेल, हे मी मानते.

मी चिंबोऱ्या सोडलेल्या नाहीत. आता कोळीणबाईंकडूनच मारून, साफ करून आणते आणि घरी जिवंत आणत नाही. हे पुरेसं आहे असं माझं म्हणणं नाही.

मग यंत्राचं काय? दादाच्या मोबाइलमधल्या त्या आवाजाला जाणीव आहे असं मला वाटत नाही. बाळाच्या बाबतीत प्रत्येक तासाला काहीतरी पणाला लागलेलं असतं. अंगाची ऊब, रक्तातली साखर, श्वास, पाच-दहा ग्रॅम वजन. ते सांभाळता सांभाळताच त्याला हवं-नको कळत असावं, असं मला पाहून पाहून वाटतं. तो आवाज त्याच क्षणी हजारो घरांत हेच बोलत असतो, आणि दादाने दोन दिवस ॲप उघडलं नाही तर त्या दोन दिवसांत तिथे वाट बघत बसलेलं कोणी नसतं.

पण "यंत्राला जाणीव कधीच येणार नाही" असं मी म्हणणार नाही. "याला काही होत नाही" असं छातीठोक सांगणाऱ्यांचं पुढे काय झालं, ते माझ्या विभागाच्या इतिहासात मी वाचलंय. २०२३ मध्ये १९ संशोधकांनी जाणिवेचे निरनिराळे सिद्धांत घेऊन तेव्हाच्या यंत्रांची तपासणी केली. त्यातलं एकही यंत्र सबळ दावेदार नाही, पण पुढे तसं यंत्र बनायला उघड अशी तांत्रिक आडकाठीही दिसत नाही, असं त्यांनी लिहिलं. तो दिवस आला तर आपल्याला कळायचं कसं, ही माझी खरी काळजी आहे. दुखण्याचे आपले सगळे शब्द त्याला आधीच पाठ आहेत. उद्या ते खरंच कळवळलं तरी आजच्यासारखंच ऐकू येईल, आणि तोवर खोटं ऐकून ऐकून आपले कान बधिर झालेले असतील. वॉर्डात उगाच वाजणारे अलार्म असले की खऱ्या अलार्मला उठायला उशीर होतो. म्हणून मला त्या ॲप बनवणाऱ्यांचा राग येतो. बायको गेलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला "मला एकटं वाटलं" असं ऐकवायचं, ते त्याने रोज ॲप उघडावं म्हणून. हे कायद्याने बंद व्हायला हवं. औषधाच्या बाटलीवर आत काय आहे ते छापावं लागतं, तेवढं तरी इथे लागू करा.

परवा फोनवर दादाला यातलं बरंचसं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण तू त्या बाळांशी बोलायचीसच ना? त्यांना तरी कुठे कळत होतं?"

बोलायचे. प्रत्येक वेळी, "टोचतेय हं राजा" म्हणायचे आणि मगच टोचायचे. शब्द त्यांना कळत नव्हते, हे मलाही ठाऊक होतं. पण म्हणताना माझी नजर त्यांच्या कपाळावर असायची आणि हात हलका व्हायचा. दादाला तसंच सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "बुधवारी किती वाजता येतेस?"

चारला जाणार आहे. वहिनीच्या हातच्या फणसाच्या सांदणांची कृती त्याने त्या ॲपला सांगून ठेवलीये. ती मला तोंडी सांग म्हटलंय.