पहिली इलेक्ट्रिक बास 1951 ची नाही, त्याच्या पंधरा वर्षं आधीची आहे

गिटारवाल्या लोकांमध्ये एक पोस्ट सारखी फिरतेय, तुमच्याकडेही आली असेल. म्हणणं असं की 1951 साली कॅलिफोर्नियात गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने जगातली पहिली इलेक्ट्रिक बास गिटार (खालचे, जाड स्वर वाजवणारी गिटार) बनवली, त्याआधी बास म्हणजे फक्त तो माणसाएवढा उभा डबल बास, त्याला फ्रेट (सूर नेमका लागावा म्हणून मानेवर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवावेत किंवा तो गिटारसारखा आडवा धरून वाजवावा हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि कुणी काही केलंच असेल तर ते गॅरेजमधले प्रयोग, दुकानात जाऊन घेता येईल असं काही नव्हतं. सोबत फेंडरच्या त्या बासचा, म्हणजे प्रिसिजन मॉडेलचा, मस्त फोटो. फोटो खरा आहे, त्या मॉडेलचं 1951 हे सालही बरोबर आहे, पण बाकीचं जवळजवळ सगळं चुकीचं आहे आणि त्या चुकीपायी एका माणसाचं नाव पुसलं जातंय, ते मला अजिबात पटत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

त्या माणसाचं नाव पॉल टुटमार्क. गाव सिॲटल, अमेरिकेचा पार वायव्येचा कोपरा. तो हवायन गिटार वाजवायचा आणि शिकवायचा, म्हणजे आडवी ठेवून तारांवर लोखंडी बार सरकवत वाजवतात ती, आपल्याकडे जुन्या वाद्यवृंदांतही ती होतीच. 1930 च्या सुरुवातीला अमेरिकेत हवायन संगीताची प्रचंड क्रेझ होती आणि सगळ्यांची अडचण एकच, बँडमध्ये गिटारचा आवाज पोचत नाही. मग टुटमार्क आणि आर्ट स्टिमसन नावाचा एक जण चुंबक आणि तारेचं वेटोळं घेऊन पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, बनवायच्या खटपटीला लागले. पुढे स्टिमसन लॉस एंजेलिसला गेला आणि ती कल्पना डोब्रो या गिटार कंपनीला 600 डॉलरला विकून मोकळा झाला. टुटमार्कच्या हाती त्यातलं काही लागलं नाही, पण तो थांबला नाही, त्याने ऑडिओव्हॉक्स नावाची स्वतःची छोटी कंपनी काढली आणि इलेक्ट्रिक गिटार आणि ॲम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) विकायला लागला.

आता पोस्टमधला पहिला दावा, "1951 च्या आधी इलेक्ट्रिक बास नव्हतीच". 1935 च्या फेब्रुवारीत सिॲटल पोस्ट-इंटेलिजेन्सर या पेपरात टुटमार्कच्या इलेक्ट्रिक बासची बातमी फोटोसकट छापून आली होती! हे घरातल्या कुणाचं नंतरचं सांगणं नाही, त्या वेळच्या पेपरात छापलेली गोष्ट आहे. आणि तो एकटाच होता असंही नाही, 1930 च्या दशकात रिकनबॅकर, व्हेगा, रीगल या कंपन्यांनीही इलेक्ट्रिक बास काढले होते. ते मात्र उभेच होते, डबल बासचा घेर काढून नुसती काठी उरावी तसे.

त्यामुळे कुणी म्हणेल की ठीक आहे, इलेक्ट्रिक होते पण आडवी, फ्रेटवाली, गिटारसारखी बास तर फेंडरचीच पहिली ना. तर नाही. पोस्टमधला सगळ्यात कच्चा मुद्दा हाच आहे. टुटमार्कचं सुरुवातीचं वाद्य चेलोएवढं आणि जड होतं, ते बाजूला ठेवून त्याने 1936 च्या आसपास ऑडिओव्हॉक्सचं मॉडेल 736 आणलं. अक्रोडाच्या लाकडाची भरीव बॉडी, चार तारा, 16 फ्रेट, स्केल लेंथ, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साधारण साडेतीस इंच, एक पिकअप, आणि वाजवायची गिटारसारखी आडवी धरून. आजच्या कुठल्याही बासिस्टच्या हातात ती दिली तर त्याला काही समजावून सांगायला लागणार नाही, केबल जोडेल आणि वाजवेल. शॉर्ट स्केल बास आज आपण जिला म्हणतो ती साधारण याच मापाची असते.

आणि नुसत्या फ्रेटचं म्हणाल तर गिब्सनने 1912 पासून मँडो-बास विकला, मँडोलिनचा अवाढव्य भाऊ, त्यालाही फ्रेट होते. म्हणजे प्रिसिजन हे नाव फ्रेटमुळे सूर नेमका लागतो म्हणून पडलं हे खरं असलं तरी फ्रेटवाला बास काही नवा नव्हता.

टुटमार्कने हे का केलं ते त्याचा मुलगा बड सांगायचा. बँडमधले बाकीचे सगळे एका गाडीत बसून गप्पा मारत जायचे आणि डबल बासवाला बिचारा एकटा, कारण त्याच्या गाडीत वाद्याशिवाय कुणाला जागाच नाही, वडलांना त्याची दया यायची. मला हे कारण फार खरं वाटतं, ते एका वाजवणाऱ्याला दुसऱ्या वाजवणाऱ्याबद्दल सुचलेलं आहे.

पुढचा दावा, "गॅरेजमधला प्रयोग, विकत मिळत नव्हतं". 736 कंपनीच्या कॅटलॉगमध्ये होती, किंमत 65 डॉलरच्या आसपास, जोडीला ॲम्प वेगळा विकत मिळायचा. एकूण शंभरच्या आसपास बनल्या असाव्यात असा अंदाज आहे. टुटमार्कची बायको लॉरेन स्वतः ही बास वाजवायची. शंभर नग म्हणजे काही मोठा धंदा नाही हे मान्य, पण एकुलता एक नमुना आणि पैसे देऊन घेता येणारं मॉडेल यात फरक आहे की नाही? त्यातल्या आज मोजक्याच शिल्लक आहेत, एक सिॲटलच्या पॉप संस्कृतीच्या म्युझियममध्ये आहे, आणि 2018 मध्ये एक ऑनलाइन लिलावात वीस हजार डॉलरच्या वर गेली. शिवाय गोष्ट तिथेच संपली नाही. महायुद्धानंतर, 1940 च्या दशकाच्या शेवटी, बडने सेरेनेडर नावाची स्वतःची इलेक्ट्रिक बास काढली आणि ती पोर्टलंडच्या एल. डी. हीटर या वितरकामार्फत विकली जायची. म्हणजे फेंडरच्या आधी एकाच घरातून दोन मॉडेल बाजारात येऊन गेली होती.

मग 736 का चालली नाही, हा प्रश्न रास्त आहे आणि पोस्ट लिहिणाऱ्याने तोच विचारला असता तर बरं झालं असतं. माझ्या मते खरी अडचण ॲम्पची. बासची सगळ्यात खालची ई तार साधारण 41 हर्ट्झवर वाजते, तेवढा खोल स्वर मोठ्याने बाहेर काढायला मोठा स्पीकर आणि भरपूर पॉवर लागते आणि 1936 च्या लहान ॲम्पमध्ये ती नव्हती. त्यात जागतिक मंदी, मग युद्ध, आणि कंपनी एका शहरापुरती, देशभर दुकानांमध्ये माल पोचवणारी यंत्रणाच नाही. फेंडरकडे हे सगळं होतं. 1952 मध्ये त्याने खास बाससाठी 15 इंची स्पीकरचा बासमॅन ॲम्प काढला, आणि लायोनेल हॅम्प्टनच्या मोठ्या जॅझ बँडमध्ये आधी रॉय जॉन्सन आणि मग मंक मॉन्टगोमेरी यांनी फेंडर बास वाजवली, तेव्हा लोकांचं लक्ष गेलं. 34 इंची स्केल आज जगभर प्रमाण मानली जाते तीही प्रिसिजनमुळेच. हे श्रेय फेंडरचं आहे आणि ते कुणी काढून घेऊ नये. 1953 मध्ये गिब्सनने व्हायोलिनच्या आकाराची इलेक्ट्रिक बास काढली तर तिला खाली टेकवायचा दांडा दिला होता, उभी धरूनही वाजवता यावी म्हणून! म्हणजे आडवी धरायची का उभी हे 1953 लाही पक्कं ठरलेलं नव्हतं, ते फेंडरच्या बासने वाजवणाऱ्यांच्या सवयीत बसवलं.

आता उलट्या बाजूचं पण बोलायला हवं, कारण 736 चा फोटो दाखवला की लगेच दुसरा मेसेज सुरू होतो की लिओ फेंडरने टुटमार्कची कल्पना चोरली. याला काहीही आधार नाही. फेंडरने 736 बघितली होती असं दाखवणारं एकही पत्र, बिल, फोटो कुणी पुढे आणलेलं नाही. प्रिसिजनकडे नीट बघितलं तर ती फेंडरच्याच 1950 च्या भरीव गिटारमधून आलेली दिसते, तीच बोल्टने जोडलेली मेपलची मान, बॉडीला पिकअप आणि पिकगार्ड (बॉडीवरची संरक्षक पट्टी) बसवायची तीच पद्धत, नवीन काय तर लांब मानेचा तोल सांभाळायला बॉडीला वरच्या बाजूला पुढे काढलेलं शिंग. डबल बास वाहून नेण्याचा त्रास सिॲटलमध्ये होता तसाच कॅलिफोर्नियात होता, दोन हुशार माणसांनी तो आपापल्या वेळी आपापल्या पद्धतीने सोडवला, एकाने 1936 च्या सुमाराला आणि दुसऱ्याने 1951 मध्ये. त्यामुळे ती पोस्ट आली तर 736 चा फोटो जरूर टाका, पण फेंडरला चोर म्हणणारी ओळ त्याखाली लिहू नका.