'मशीन लावलं की माणूस परत येत नाही' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एक मेसेज पुन्हा फिरतो आहे. व्हेंटिलेटरवर टाकलेला माणूस परत येत नाही, ऑक्सिजनची फुप्फुसांना सवय लागते, मेलेल्यालाही मशीन लावून जिवंत दाखवतात. म्हणून घरच्यांनी मशीनच्या कागदावर सहीच करू नये, असं त्यात म्हटलंय. मी आयसीयूत काम करते. हा मेसेज वाचून अडखळलेले नातेवाईक दाराशी उभे असतात आणि आत रुग्णाच्या मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताणले जात असतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'मशीन लावलं की माणूस परत येत नाही.' पोटाच्या मोठ्या ऑपरेशनला भूल देताना स्नायू सैल करणारं औषध देतात. त्याने रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो आणि ऑपरेशन संपेपर्यंत मशीनच श्वास देतं. मग मशीनला जोडलेली श्वासनलिकेतली नळी काढतात, रुग्ण वॉर्डात येऊन घरच्यांशी बोलतो. मशीनच जीव घेत असतं, तर हे रोज घडलं नसतं. आयसीयूत मृत्यू जास्त दिसतात, कारण तिथे मशीन लागेपर्यंत न्यूमोनियाने किंवा रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने शरीर आधीच खचलेलं असतं.

१९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या सुरुवातीच्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि रबरी पिशवी दाबून फुप्फुसात हवा भरायची, असं सुचवलं. पुरेशी यंत्रं नव्हती, म्हणून वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस हाताने त्या पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. आजचा आयसीयू त्या वॉर्डातून उभा राहिला आहे.

मशीन फुप्फुसाला कधीच इजा करत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. जास्त हवा जोरात भरली तर इजा होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, फुप्फुसं गंभीर सुजलेल्या रुग्णांना लहान श्वास दिल्यावर मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. तेव्हापासून श्वास मोजूनमापून देतात.

'ऑक्सिजनची सवय लागते.' आपण श्वासात घेतो त्या हवेतही २१ टक्के ऑक्सिजन असतोच. आजारी फुप्फुसाला तेवढा पुरत नाही, म्हणून वरून देतात आणि फुप्फुस सुधारलं की कमी करत जातात. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या जुनाट दम्यासारख्या आजाराच्या, रुग्णांना तो जपून द्यावा लागतो, हे खरं. त्यांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, साधारण ८८ ते ९२ टक्क्यांमध्ये ठेवतात, कारण गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनने त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. पण मोजून द्यायचा, याचा अर्थ द्यायचाच नाही असा होत नाही. बरेच दिवस मशीनवर राहिल्याने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा मुख्य स्नायू, अशक्त होतं, हेही खरं आहे. म्हणूनच रुग्ण सावरू लागला की रोज बघतात: मशीनचा आधार अगदी कमी करून अर्धा ते दोन तास तो स्वतः श्वास घेऊ शकतो का. जमलं की नळी काढायचा विचार सुरू होतो.

'मेलेल्याला मशीन लावून ठेवतात.' हृदय थांबल्यावर मशीन फक्त छातीत हवा ढकलतं. रक्त फिरत नाही, शरीर गार पडतं, काही तासांत ताठरतं. हे लपवता येत नाही. मेंदू मृत झालेल्या माणसाचं हृदय मात्र मशीनच्या आधाराने काही काळ धडधडतं, शरीर ऊबदार लागतं, आणि घोटाळा तिथे होतो. त्यासाठी ठरलेल्या तपासण्या असतात. त्यांचा निकाल समजावून मागा. संशय असेल तर आत येऊन मॉनिटर पाहायला, नाडीला हात लावायला परवानगी मागा. नातेवाइकांना तासन्‌तास काहीच न सांगता बाहेर बसवून ठेवलेलं मी पाहिलं आहे. असा संशय तिथेच वाढतो, आणि ती चूक आमची आहे.

'आधी घरी वाट बघा, मशीन शेवटी.' मला सगळ्यात जास्त भीती याच ओळीची वाटते. मशीन म्हणजे थेट नळी असंही नाही. नाकातली नळी, मास्क, हाय-फ्लो (नाकातून जोराने दिलेला ऑक्सिजन), बायपॅप (घट्ट मास्कमधून दाबाने श्वास देणारं मशीन) अशा पायऱ्या असतात, आणि वेळेत आलेल्या कितीतरी रुग्णांचं बायपॅपवरच भागतं. एरवी श्वास घ्यायला शरीराला फार थोडी ताकद लागते. दम लागला की तेच काम अनेक पटींनी वाढतं आणि स्नायू थकतात. थकलेला रुग्ण धापा टाकायचं थांबवतो. कार्बन डायऑक्साइड चढतो, त्याला गुंगी येते. घरच्यांना वाटतं, आता कुठे शांत झोप लागली. त्या झोपेतून उठवलं तर तो नीट उत्तर देत नाही; अशा वेळी सकाळपर्यंत थांबू नका.

राहिली सही. आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल आणि रुग्णालाच नळी नको असेल, तर नाही म्हणणं योग्य असू शकतं. पण त्या निर्णयासाठी डॉक्टरांना विचारा: मूळ आजार सुधारण्यासारखा आहे का? किती दिवस प्रयत्न करून बघायचा? सुधारणा नेमकी कशावरून कळेल? आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर आधी त्याला विचारा. नळी घातल्यावर त्याला बोलता येणार नाही.