कडी कुठं हाय?

लॅपटॉपचे पैसे मी मोजणार होतो आणि प्रश्नही मीच विचारत होतो. दुकानदार मात्र प्रत्येक उत्तर शेजारच्या खुर्चीतल्या, प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये शाई भरून घ्यायला आलेल्या एका काकांकडे पाहून देत होता, हा अपमान अजून माझ्या पचनी पडलेला नाही. बेळगावच्या खडेबाजारात साडी घेताना तिऱ्हाइताचा सल्ला फुकट मिळतो, हे ठाऊक होते. संगणकालाही ती सोय लागू आहे, हे नव्याने कळले.

रूप, किंमत आणि सुरक्षितता या कसोट्या मी घरूनच ठरवून गेलो होतो. आधी काळा थिंकपॅड समोर आला. १९९२ साली आयबीएमने तो बाजारात आणला, रचनाकार रिचर्ड सॅपर यांनी त्याचे रूप जपानी जेवणाच्या डब्यावरून घडवले आणि २००५ मध्ये तो लेनोवो या चिनी कंपनीकडे गेला, असे मी मोठ्या विद्वत्तेने सांगितले. काकांनी तेवढ्यात झाकण पुन्हापुन्हा उघडून मिटले, कळफलकाच्या मधोमध असलेले लाल बटण दारावरची घंटा वाजवावी तसे दाबले आणि बिजागरी घट्ट असल्याचा निर्वाळा दिला. दुकानदाराने मान डोलावली. सॅपर यांना कोणी विचारले नाही.

मग ॲपलचा मॅकबुक एअर आला. काकांनी त्याला कान लावला.

"आवाजच येईना की वो! चालू हाय हे कशावरून?"

२०२० च्या एम१ चिपपासून या यंत्रात पंखाच नसतो, असे मी समजावले.

"पंखा बी न्हाई, आणि दर एवढा?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण मनातून मीही तेच म्हणत होतो. त्यातली मेमरी नंतर वाढवता येत नाही. म्हणजे पुढे कधीतरी लागेल म्हणून तिचे पैसे आजच मोजायचे, आणि तेही कंपनी सांगेल त्या भावाने.

सुरक्षिततेच्या मुद्द्यावर तरी आपले पांडित्य चालेल, या आशेने मी २०१५ ची गोष्ट काढली. लेनोवोच्या काही लॅपटॉपांत कारखान्यातूनच आलेले सुपरफिश नावाचे सॉफ्टवेअर सुरक्षित म्हणवणाऱ्या संकेतस्थळांच्या व्यवहारातही डोकावू शकते, हे तेव्हा उघडकीस आले होते. थिंकपॅड त्यातून सुटले होते. दुकानदाराचा चेहरा आंबट झाला. तरी मी थांबलो नाही. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते, त्यामुळे कितीतरी धडधाकट संगणक केवळ वयामुळे अपात्र ठरले. सुरक्षिततेच्या नावाखाली चालती यंत्रे अडगळीत टाकायला लावायची आणि माणसाला पुन्हा दुकानाची पायरी चढायला लावायची, हा व्यवहार मला अजिबात पटत नाही, असे मी बऱ्यापैकी आवाज चढवून म्हणालो.

"ते ऱ्हाऊ द्या. कडी कुठं हाय?" काकांनी विचारले.

त्यांनी थिंकपॅड आडवा-उभा फिरवला, कडेची छोटी खाच शोधून काढली आणि तिच्यावर बोट ठेवले. "हितं साखळी घालायचं आणि टेबलाला बांधायचं. कशाला घाबरालाय? चोर काय चिप बघून येतंय काय?"

खाच खरोखरच कुलपाची होती, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त झोंबली. मॅकबुकला ती नव्हती. दुकानदाराने मला न विचारता मॅकबुक कपाटात ठेवून दिला.

"काकांचं कधी चुकत न्हाई, सर," असे तो बिल करता करता म्हणाला. घरी संगणक नाही, प्रिंटर निपाणीच्या जावयाचा आहे, ही माहिती काकांनी जाताजाता अभिमानाने पुरवली. साखळीचे पैसे वेगळे पडले.