पन्नास वर्षांचा अखंड इतिहास? कुठल्या एडिशनमधला?

ठाणे-नवी मुंबईत डी अँड डी, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं रंगवायचा काल्पनिक साहसांचा खेळ, खेळणाऱ्यांच्या ग्रुपांत सध्या एक मजकूर फिरतोय. नौपाड्यापासून नेरूळपर्यंत कुठल्याही टेबलावर बसा, सेशन सुरू व्हायच्या आधी कुणीतरी तो वाचून दाखवतंच. म्हणणं थोडक्यात असं: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 2024 च्या नव्या नियमपुस्तकांनी पन्नास वर्षं अखंड चालत आलेला लोअर, म्हणजे खेळातल्या जगांचा कल्पित इतिहास, पुसून टाकला. ऑर्क या राक्षसी जमातीला सोज्वळ केलं, हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क या मिश्र जमाती संपवल्या, गॉब्लिन या बुटक्या राक्षसांना उगाच परीलोकात नेऊन बसवलं. बाहेरच्यांच्या दबावापुढे खेळाने पहिल्यांदाच मान तुकवली. आणि म्हणून जुनं कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी सलग कथा, आता पुढे नेता येणार नाही.

हे वाचून चिडलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी पुस्तक उघडलेलंही नाही. त्यात त्यांचा दोष नाही, पुस्तकं महाग आहेत. आमच्यातही तिन्ही कोअर पुस्तकांचा एकच संच आहे आणि तो कुणाच्या ना कुणाच्या सॅकमधून ठाणे-वाशी लोकलने ये-जा करत असतो. पण न वाचता पुढे ढकलायचं आणि वर टेबलावर भांडायचं, हे जरा अतीच होतं.

'अखंड' या दाव्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. खेळ 1974 चा, गायगॅक्स आणि आर्नसन या दोघांचा. फरगॉटन रेल्म्स हे त्याचं सगळ्यांत गाजलेलं जग 1987 मध्ये बाजारात आलं आणि दोनच वर्षांत दुसऱ्या एडिशनने, म्हणजे नियमांच्या नव्या आवृत्तीने, ते हलवलं. नियमांतून असॅसिन (मारेकरी) हा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, काढला होता. मग कथेत त्याचं काय करायचं? देवांना स्वर्गातून हाकलून पृथ्वीवर उतरवलं, त्या धुमश्चक्रीत फेरून या तिथल्या खंडातले झाडून सगळे असॅसिन मारून टाकले आणि बेन, भाल, मिर्कुल हे तीन देवही संपवले. नियमांच्या पुस्तकातला एक क्लास कमी झाला म्हणून अख्खी जमात कापून काढली, याहून मोठी लोअरची मोडतोड मला तरी दाखवता येत नाही.

2008 मध्ये चौथं एडिशन आलं. जादूची देवी मिस्ट्रा हिचा खून झाला, स्पेलप्लेग पसरला, दुसऱ्या एका जगाचे तुकडे या जगात येऊन आदळले आणि कथा जवळपास शंभर वर्षं पुढे ढकलली गेली. म्हणजे ज्या राजाशी तुमच्या पार्टीचं वैर होतं, तो राजा मेला, त्याचा नातूही बहुधा मेला. लोक इतके भडकले की पाचव्या एडिशनच्या तोंडावर 'संडरिंग' नावाची आणखी एक उलथापालथ घडवून मिस्ट्राला परत आणलं, आलेले तुकडे बरेचसे परत पाठवले. एडिशन बदललं की आपल्यावर संकट कोसळणार, हे फेरूनमधल्या शेंबड्या पोरालाही कळत असणार. त्या मानाने 2024 मध्ये एकही देव मेलेला नाही. उलट डंजन मास्टर्स गाइडमध्ये नमुन्याचं जग म्हणून ग्रेहॉक घेतलंय, खुद्द गायगॅक्सचं, सोबत नकाशाही. इतिहास पुसायला निघालेला माणूस आजोबांचा फोटो दिवाणखान्यात लावत नाही.

'ऑर्क बिघडवले.' कुठले ऑर्क? 1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधले डुकराच्या तोंडाचे ऑर्क लॉफुल ईव्हिल होते, शिस्तीत राहून दुष्टपणा करणारे. तिसऱ्या एडिशनमध्ये तेच केऑटिक ईव्हिल, म्हणजे बेबंद दुष्ट, झाले आणि डुकराचं तोंडही गेलं. तेव्हा कुणाचं घर बुडालं नाही. एबेरॉन हे जग 2004 मध्ये आलं. त्यात ऑर्क ड्रुइडांनीच (निसर्गाच्या पुजाऱ्यांनी) दुसऱ्या मितीतल्या आक्रमकांना रोखून जग वाचवलं. रेल्म्समध्ये ओबूल्ड नावाच्या ऑर्क राजाने राज्य स्थापून ड्वार्फांशी तह केला, तोही चौथं एडिशन यायच्या आधी. सगळे ऑर्क जन्मजात राक्षस, हे चित्र फार पूर्वीच फाटलेलं आहे. 2024 च्या प्लेयर्स हँडबुकने त्यांना खेळाडूंच्या यादीत बसवलं, एवढंच.

इथे मजकूर लिहिणाऱ्याने खरी तक्रार हातची घालवली. 2025 च्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये ऑर्कचा स्वतंत्र स्टॅट ब्लॉक (ताकद, हल्ले वगैरेंचा तक्ता) नाही, ड्राउ या भूमिगत एल्फांचाही नाही. माणसांसाठी जे सर्वसाधारण ब्लॉक आहेत, तेच वापरून कुठल्याही जमातीचं पात्र उभं करा, असा मामला आहे. 2014 चा ऑर्क आठवा: पंधरा हिट पॉइंट (जीवनबिंदू), हातात ग्रेटॲक्स ही भली मोठी कुऱ्हाड आणि बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे त्याच पाळीतल्या जादा चालीत, थेट शत्रूच्या अंगावर धावून जायची ती खोड. पहिल्या लेव्हलच्या विझार्डला तो मागच्या रांगेत येऊन गाठायचा आणि अख्ख्या टेबलाचे चेहरे उतरायचे. ती मजा सर्वसाधारण ब्लॉकमध्ये नाही. राक्षसांची संख्या वाढून पाचशेवर गेली, पण एकेकाबद्दलचा वाचायचा मजकूर आटला. मी स्वतः मॉन्स्टर मॅन्युअल झोपताना वाचणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे हे मला लागलं. पण याला 'कंजुषी' म्हणा, 'इतिहासाचा खून' म्हणू नका.

हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क 'संपवले', या दाव्याला फार वेळ द्यायची गरज नाही. हाफ-ऑर्क 1989 च्या हँडबुकमध्येही नव्हता, 2000 मध्ये परत आला. 2008 च्या पहिल्या हँडबुकमधूनही तो गायब होता, सोबत नोम ही जमातही, आणि 2009 च्या दुसऱ्या हँडबुकात दोघेही परतले. त्याला या जाण्या-येण्याची सवय आहे. शिवाय नव्या हँडबुकातच लिहिलंय की जुन्या पुस्तकातली जमात वापरायला हरकत नाही, फक्त तिच्यासोबत येणारी ॲबिलिटी स्कोअरची (ताकद, करिश्मा वगैरे गुणांची) वाढ सोडून द्या, कारण ती आता बॅकग्राउंडमधून, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्यातून, मिळते. आमच्या टेबलावरच्या हाफ-एल्फ बार्डचं (गाण्यातून जादू करणाऱ्या पात्राचं) शीट असंच नवीन केलं. जुन्या नियमांत तिला करिश्म्याला दोन आणि आणखी दोन ठिकाणी एकेक असे चार गुण मिळत होते. नव्यात एंटरटेनर बॅकग्राउंडमुळे तीनच मिळाले. त्याबदल्यात म्युझिशियन हे फीट (खास कौशल्य) आलं, म्हणजे विश्रांतीनंतर दोन सूर छेडले की साथीदारांना हिरोइक इन्स्पिरेशन, म्हणजे फासा पुन्हा टाकायची संधी. डार्कव्हिजन (अंधारात दिसणं), एल्फांकडून आलेलं चार्म म्हणजे वशीकरणाविरुद्धचं बळ, दोन जादा स्किल्स, सगळं जागच्या जागी. एक गुण गेला म्हणून तिच्या खेळाडूने थोडी कुरकुर केली, मग पहिल्याच लढाईआधीच्या विश्रांतीत साथीदारांना इन्स्पिरेशन वाटून सगळ्यांचा चहा मिळवला.

गॉब्लिनचं मात्र थोडं वेगळं आहे. ते परीलोकातून, म्हणजे फेवाइल्डमधून आले, ही गोष्ट 2024 ची नव्हेच. 2022 मध्ये आलेल्या 'मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स'मध्ये ती होती आणि तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. आता बदललाय तो त्यांचा प्रकार: नव्या मॅन्युअलमध्ये ते ह्युमनॉइड (माणसासारखे) नाहीत, फे (परीलोकातले) आहेत. हा लोअर थेट फाशांपर्यंत पोचतो. पहिल्या लेव्हलची पार्टी गॉब्लिन पकडते, बार्ड त्याच्यावर चार्म पर्सन हा वशीकरणाचा स्पेल (मंत्र) टाकते आणि गुहेचा रस्ता विचारते, हा प्रसंग न खेळलेलं टेबल सापडायचं नाही. चार्म पर्सन फक्त ह्युमनॉइडवर चालतो. म्हणजे आता गॉब्लिनवर फुकट. दुसऱ्या बाजूने, प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड हा एरवी पहिल्या लेव्हलला धूळ खात पडणारा स्पेल फे प्राण्यांविरुद्ध चालतो, म्हणून गॉब्लिनांच्या टोळीपुढे एकदम कामाचा झाला. आमच्या डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, जुनं कॅम्पेन संपेपर्यंत गॉब्लिन ह्युमनॉइडच ठेवायचं ठरवलं. मला नवा नियम आवडला असता, पण डीएमचा शब्द अखेरचा.

'दबावापुढे पहिल्यांदाच झुकले', हे तर इतिहास न वाचल्याचं लक्षण. सुरुवातीच्या पुस्तकांत हॉबिट, एंट, बॅलरॉग हे टॉल्कीनचे प्राणी नावानिशी होते. हक्कधारकांनी कायदेशीर हरकत घेतल्यावर ते सत्तरच्या दशकातच काढावे लागले. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत 'हा खेळ मुलांना सैतानाकडे नेतो' अशी बोंब उठली, त्यानंतर दुसऱ्या एडिशनमधल्या डेव्हिल आणि डीमन यांचं नामांतर करून त्यांना बाटेझू आणि तनारी केलं गेलं. तिसऱ्या एडिशनमध्ये ते मूळ नावांवर आले. हे बदल कंपनीने खेळावरच्या प्रेमापोटी केले नव्हते.

राहता राहिलं जुनं कॅम्पेन. इथे मजकुरात एक खरी घटना अर्धवट आली आहे. ऑगस्ट 2024 मध्ये डी अँड डी बियाँडवर, म्हणजे कंपनीच्या डिजिटल सेवेवर, लोकांच्या चालू कॅरेक्टर शीटमधले जुने स्पेल आणि जादूच्या वस्तू बदलून नव्या नियमांच्या करायचं जाहीर झालं होतं. ज्यांनी जुनं पैसे मोजून घेतलं होतं, त्यांचा संताप रास्तच होता. पण ओरडा झाल्यावर काही दिवसांतच कंपनीने तो निर्णय मागे घेतला. फॉरवर्डमध्ये निर्णय आहे, माघार नाही.

आणि जुना ऑर्क हवा असेल तर तो फुकट मिळतो. जानेवारी 2023 मध्ये खेळाच्या परवान्यावरून झालेल्या गदारोळानंतर 2014 च्या नियमांचा एसआरडी 5.1, म्हणजे इतरांना वापरायला दिलेला नियमांचा दस्तऐवज, क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोकळा झाला आणि तो परवाना परत घेता येत नाही. त्यात ग्रेटॲक्सवाला ऑर्क आहे, ड्राउ आहे, हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्कही आहेत. ज्यांना वाटतं की हे सगळं पुसलं गेलं, त्यांनी ती पीडीएफ उतरवून घ्यावी आणि ऑर्कचं पान झेरॉक्स काढून डीएमच्या हातात द्यावं.