किल्ला पहिलीतल्या पोरानं केला म्हणे!

नाताळची सुट्टी संपली की आयांना मोकळं वाटतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बेळगावात आमच्या घरी येऊन बघावं. सुट्टीत पोरं घरात असतात, एवढाच ताप. शाळा सुरू झाली की अख्खी शाळाच घरात येऊन बसते.

३१ डिसेंबर, रात्री पावणेदहा. भांडी घासून हात पुसत होते, तोवर वर्गाच्या ग्रुपवर मेसेज. डिअर पेरेंट्स, हॅप्पी न्यू इयर, शाळा उघडेल त्या दिवशी पहिलीच्या सर्व मुलांनी ‘आपल्या जिल्ह्याचा वारसा’ या विषयावर मॉडेल आणावं, थर्माकोल वापरावा, आणि मॉडेलबद्दल कन्नडमध्ये पाच वाक्यं बोलून दाखवावीत. खाली फुगे, केक आणि जोडलेले हात. शाळा उघडणार २ तारखेला! म्हणजे हातात एकच दिवस, तोही १ जानेवारी. त्या दिवशी मी नोकरी करते त्या क्रेडिट सोसायटीला सुट्टी नसते ओ. ठेवीवाले नव्या वर्षाची कॅलेंडरं मागायला सकाळपासून काउंटरवर उभे असतात. बाईंना २३ तारखेला, शाळा सुटताना, हा वारसा आठवला नव्हता काय? जिल्हा तर तेव्हाही इथंच होता.

आणि त्याहून डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे मेसेजखाली लागलेली रांग. ‘नोटेड मॅम.’ ‘नोटेड मॅम.’ ‘थँक्यू मॅम.’ थँक्यू कशाबद्दल? एकीनंही विचारू नये, की मॅम, सहा वर्षांचं पोर थर्माकोल कसं कापणार, त्याच्या हातात कटर द्यायचा का? मी विचारलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मग एका आईनं मलाच वेगळा मेसेज केला, ‘अहो, उगीच कशाला, बाईंच्या डोक्यात राहतं.’ राहू दे की!

पहिलीच्या पोराला गृहपाठ द्यायचाच नाही, हे काही मी मनचं सांगत नाही. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात स्पष्ट लिहिलंय की दुसरीपर्यंत गृहपाठ नको. कर्नाटक सरकारनं तर त्याच्या आधीच, २०१९ मध्ये, पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन दीड ते दोन किलो एवढंच असावं, असा आदेश काढलाय. शाळेनं काय केलं? गृहपाठाचं नाव बदललं. आता त्याला ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणतात. ॲक्टिव्हिटीला नियम नाही, वजन नाही, आणि ती पोरानं करायची असते असंही कुठं लिहिलेलं नाही.

त्यात आमच्या घरची सुट्टी म्हणजे अर्धीच. थोरली मराठी शाळेत, धाकटा कॉन्व्हेंटात (का, ते विचारू नका, तो वेगळ्या भांडणाचा विषय आहे). थोरलीला नाताळची सुट्टी एक दिवस, २५ तारखेची. मिशनच्या शाळा दसऱ्याच्या सुट्टीला कात्री लावून ते दिवस नाताळला देतात, त्यामुळं ह्याला चांगला आठवडाभर. म्हणजे रोज सकाळी एक पोर गारठ्यात दात वाजवत वेणी घालून घेतंय आणि दुसरं रजईतून जीभ दाखवतंय. दसऱ्यात हेच उलटं. दिवाळीत कोल्हापूरच्या भावंडांना भरपूर सुट्टी, आमच्यांना दोन-तीन दिवस. कर्नाटकात दसरा मोठा, महाराष्ट्रात दिवाळी मोठी, आणि आमची पोरं मध्ये. मामाच्या गावाला सगळी एकदम जमलीत असं मे महिन्याशिवाय होतच नाही.

शिवाय नाताळात बेळगावात घर असणं हा एक वेगळाच गुन्हा आहे. पुण्याची माणसं गोव्याला जातात ती आमच्यावरूनच. ‘चोर्ल्याच्या घाटात रात्र नको, तुमच्याकडं जरा टेकतो.’ टेकतात ती दोन दिवस. जाताना आमच्याकडची मिठाई, कुंदा, बांधून द्यायचा, येताना परत टेकायला जागा ठेवायची. पोरं पोरांत मिसळतात, रात्री अकरापर्यंत मोबाईल, सकाळी नऊपर्यंत झोप. मग एकदम सहाला उठवून ‘चल, शाळा’ म्हटलं की जे रडगाणं सुरू होतं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं. त्या रडण्याचंही मला काही वाटत नाही, पोरच ते. माझा राग त्या थर्माकोलवर आहे.

१ तारखेला सोसायटीतून सुटून तशीच खडेबाजारात गेले. दुकानदारानं माझ्याकडं वर बघितलंसुद्धा नाही. ‘पहिलीचा किल्ला काय वैनी?’ म्हणजे मला मेसेज यायच्या आधी ह्याला ठाऊक! कागदाखाली ठेवलेल्या थर्माकोलच्या शीट मागनं काढून दिल्या. मागनं, कारण सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. ह्याच शाळेच्या भिंतीवर ‘से नो टू प्लॅस्टिक’ रंगवलंय. परिसर अभ्यासाच्या वहीत त्याचंच चित्र काढून घेतात. आणि मॉडेल कशाचं, तर थर्माकोलचं. मी दुकानदाराला म्हटलं, पुठ्ठा दे. तो म्हणाला, ‘पुठ्ठ्याला मार्क कमी देतात वैनी, मागच्या वर्षीपासून.’ ह्या माणसालाच शाळेत मास्तर करा, एवढी माहिती आहे त्याला. वर विचारतो, रेडिमेड पाहिजे काय, साडेचारशे. दाखवला. चार बुरूज, एक दार, वर झेंडा. नाव चिकटवायला पट्टी रिकामी. बेळगावचा किल्ला लिहा नाहीतर कित्तूर लिहा, आत किल्ला तोच.

नाही घेतला. हट्टानं नाही घेतला. घरी आणून नवऱ्यापुढं ढीग टाकला. तो ग्रुपमध्ये आहे, पण त्यानं ग्रुप म्यूट केलाय. सगळ्या बापांनी केलाय. ‘आधी सांगायचं की!’ कोणी सांगायचं? मेसेज तुझ्याही फोनवर आलाय. ताजमहाल बांधल्यासारखं रात्री साडेबारापर्यंत त्याचं कापणं चाललं होतं, आणि ज्याचं मॉडेल तो दहालाच माझ्या मांडीवर झोपला. मग ह्यांना वाटलं, दगडासारखा रंग पाहिजे. स्प्रेचा डबा होता गाडीला मारायचा. मारला. थर्माकोलवर तो स्प्रे मारला की थर्माकोल विरघळतो, हे आमच्या इंजिनिअरला त्या रात्री कळलं. डोळ्यादेखत एक बुरूज खाली बसला. ‘पडका किल्ला आहे, तसंही कित्तूरचा वाडा पडकाच आहे,’ असं म्हणून तो झोपायला गेला.

ह्याच पोरानं दोन महिन्यांपूर्वी, दिवाळीत, गल्लीतल्या पोरांबरोबर किल्ला केला होता. माती कालवली, दगड आणले, विटा चोरल्या. कुणाच्या, ते मी विचारलं नाही. कोपरापर्यंत चिखल. मोहरी पेरली, ती उगवली तेव्हा ‘जंगल आलं’ म्हणून नाचला. वर मावळे ठेवले, पायथ्याला तळं केलं, तळ्यात पाणी ठरेना म्हणून प्लॅस्टिकचा कागद घालायची युक्ती त्याची त्यानं काढली. आम्ही बोटसुद्धा लावलं नाही. म्हणजे पहिलीतल्या पोराला किल्ला करता येतो. त्याच्या हातानं, त्याच्या पद्धतीनं, वाकडातिकडा. पण तो शाळेला चालत नाही. शाळेला कॉरिडॉरमध्ये मांडून फोटो काढता येईल असा पाहिजे.

कन्नडच्या पाच वाक्यांचं सांगते. बेळगावात राहून कन्नडवरून काही बोललं की लगेच लोकांच्या भुवया चढतात, म्हणून आधीच सांगते, माझं भांडण भाषेशी नाही. पोराला कन्नड यायलाच पाहिजे, मला पाटीपुरतं येतं तसं नव्हे, चांगलं यायला पाहिजे. पण शिकवायचं कुणी? वर्गात शिकवून मग बोलून घ्या की. घरी मराठी बोलणाऱ्या पोराला आदल्या रात्री पाच वाक्यं द्यायची, तीही आईबापानं तयार करायची, हे कसलं शिकवणं? शेजारच्या अक्का होत्या म्हणून निभावलं. त्या बैलहोंगलच्या. पहाटे पोराला ओट्यावर बसवून त्याच्याकडून म्हणून घेतलं. ‘इदु कित्तूर कोटे,’ म्हणजे हा कित्तूरचा किल्ला. राणी चन्नम्मांचं इंग्रजांशी १८२४ चं युद्ध, त्यात मेलेला इंग्रज कलेक्टर थॅकरे, सगळं त्यांनी पोराला गोष्टीसारखं सांगितलं, आणि ते दूध प्यायचं विसरून ऐकत बसलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, ‘काय शाळा ही तंगी (कन्नडमध्ये धाकटी बहीण)! आमच्या गावात चन्नम्मांची समाधी आहे, कित्तूरला खरा वाडा आहे, म्युझियम आहे. बसमध्ये घालून न्यायचं पोरांना, संपलं.’ बरोबर आहे. कित्तूर धारवाडच्या रस्त्यावर तासाभराच्या अंतरावर आहे. पण सहलीला ह्या शाळेची बस जाते वॉटर पार्कला.

सकाळी रिक्षामामांनी किल्ला बघून हात जोडले. ‘वैनी, हा आत घातला तर पोरं टपावर बसवू काय?’ मग स्कूटर. पुढं पोर उभं, त्याच्या डोक्यावर पावशेर थर्माकोल, माझ्या पाठीला दप्तर, जानेवारीचा गार वारा. आणि वाटेतलं, ‘दुसरं रेल्वे गेट’ म्हणतात ते, बंद! मालगाडी. गेटवर आजूबाजूला बघते तर सगळ्यांच्या स्कूटरवर किल्ले. एका बाईकडं गोकाकचा धबधबा होता, निळ्या जिलेटिन कागदाचा, तो वाऱ्यानं तिच्या तोंडावर फडफडत होता. आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलोसुद्धा नाही. शाळेचं फाटक वेळ झाली की बंद करतात. गाडीचा शेवटचा डबा गेला तसं जे हॉर्न सुटले, त्यात आमचा दुसरा बुरूज गेला.

कॉरिडॉरमध्ये मॉडेलं मांडलेली. एका किल्ल्यात एलईडी दिवे लागत होते. खंदकात खरं पाणी, मोटर लावून फिरतं. समोर ‘बाय मास्टर अमुक, क्लास वन’. त्या मास्टरला बुटाची नाडी बांधता येत नाही, मी रोज बघते. त्याला स्टार. आमच्याला बाईंनी विचारलं, ‘ब्रोकन का?’ पाच वाक्यं कुणी ऐकलीच नाहीत, वेळ नव्हता म्हणे. पोर दिवसभर पाठ करत बसलं होतं, संध्याकाळी घरी येऊन त्यानं ती अक्कांना पुन्हा म्हणून दाखवली आणि त्यांच्याकडून एक मंडा (गोड पोळी) मिळवला, तेवढीच त्याची कमाई.

मी डायरीत लिहिलं. मराठीत नाही, त्यांना कळेल अशा इंग्रजीत, की हा किल्ला माझ्या नवऱ्यानं केला आहे, मार्क त्याला द्यावेत, आणि पुढच्या वेळी जे पोराला स्वतः करता येईल तेवढंच द्यावं. दुसऱ्या दिवशी डायरी आली. खाली ‘सीन’ असा शिक्का आणि सही. वाचलंसुद्धा नसणार.

थोरलीला तिच्या बाईंनी काय सांगितलं होतं माहितीय? गल्लीचा नकाशा काढून आणा. वहीच्या पानावर. तिनं पेन्सिल घेऊन पायरीवर बसून काढला. मारुतीचं देऊळ, पिठाची गिरणी, पाण्याचा नळ आणि नळावर भांडणाऱ्या दोन बायका. त्यातली एक मी आहे असं तिचं म्हणणं. खर्च शून्य, आईबापाला झोप पूर्ण. ती शाळा ‘साधी’ म्हणून लोक नाक मुरडतात.

बरं, किल्ला झाला म्हणून सुटका आहे काय? कालच पुढचा मेसेज आला, वेळ रात्रीचे दहा वाजून पाच मिनिटं. गॅदरिंग याच महिन्यात आहे. आमचा मुलगा जंगलाच्या नाचात ‘झाड’ झालाय. अंगाला चिकटणारी तपकिरी पँट आणि हिरवा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, शाळेनं सांगितलेल्या दुकानातूनच, कारण ‘शेड एकसारखी पाहिजे’. ते दुकान भाड्यानं देत नाही, विकतच घ्यायचं. आयुष्यात पुन्हा कधी तो पोरगा तपकिरी चिकट पँट घालणार आहे? वर संक्रांतीच्या आदल्या दिवशी ‘ट्रॅडिशनल डे’, त्याला कुर्ता वेगळा. सोमवारी स्पोर्ट्सची प्रॅक्टिस, पांढरे बूट कोरे पाहिजेत. आमच्याकडं राकसकोप धरणाचं असो नाहीतर हिडकल धरणाचं, नळाला पाणी येईल त्या दिवशी धुणं होतं. शाळेला वाटतं सगळं बेळगाव चोवीस तास पाण्याच्या वॉर्डात राहतं.

गॅदरिंग बुधवारी सकाळी साडेदहाला आहे. बुधवारी! पालकांची उपस्थिती ‘कंपल्सरी’. सोसायटीत मॅनेजरला जाऊन काय सांगू, माझं झाड नाचणार आहे, अर्धा दिवस द्या? नवऱ्याला म्हटलं, या वेळी तू जा. तर म्हणतो, ‘आधी सांगायचं की!’