डावीकडची बरणी

बायको माहेरी जांबोटीला. तिथं रेंज येते ती पाहुण्यासारखी, टेकायच्या आत निघते. "अहो, ढोकळ्यात डावीकडच्या बरणीतली पावडर दोन चमचे..." एवढं ऐकू आलं आणि फोन गेला. आदल्याच दिवशी आईनं फळी पुसून बरण्या परत लावल्या होत्या, हे तिला जांबोटीत कुठून कळणार? आणि मला इथं बेळगावच्या शहापुरात राहून कळलं नव्हतं!

दोन्ही बरण्यांत पांढरी पूड: एकीत बेकिंग पावडर, दुसरीत खायचा सोडा. "सोडा म्हणजे सोडाच की," आई म्हणाली.

नाही. बेकिंग पावडरीत सोडा असतो पाव-तिसरा हिस्सा. बाकी कोरडं आम्ल आणि मक्याचं पीठ. मी घातला दोन चमचे निव्वळ सोडा, वर लिंबाचा थेंब नाही. ढोकळा फुगला मात्र झकास. झाकण काढलं तर पिवळ्यावर लाल-तांबडे ठिपके! आईला वाटलं, देवघरातलं कुंकू सांडलं. हळद लागलेला सदरा साबण लागताच लाल होतो ना, तेच हे. आम्ल नसलं तरी वाफेच्या उष्णतेनं सोड्यातून वायू सुटतो, पण मागं उरतो तो चक्क धुण्याचा सोडा. एक घास खाल्ला. धुणं झालं.

उरलेलं पीठ सिंकमध्ये ओतलं, सिंक तुंबलं. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "अडिगे सोडा हाका, वर व्हिनेगर." म्हणजे कन्नडमध्ये, खायचा सोडा घाला. आता सोडा कुठला, हे मला पक्कं ठाऊक होतं: मघाची नव्हे ती! अर्धी बरणी रिकामी केली, व्हिनेगर ओतलं. फेस असा उसळला की आई दारातून ओरडली, "काय करालायस रे?" आम्ल आणि सोडा एकमेकांना खाऊन मोकळे झाले, फेस बसला, राहिलं खारट पाणी आणि मक्याचं पीठ. त्यावर मी उकळतं पाणी सोडलं.

नळवाल्यानं पाईप खोलून बोटावर तो चिकट गोळा धरला. "साहेब, खळ कशाला केलीसा? धोतरं हाईत काय घालायची?"

बायकोनं परत आल्यावर बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. कन्नडमध्ये. तिची शाळा कन्नड, माझी मराठी. लिंबू पिळून उपयोग नाही, त्यात दोन्ही फसफसतात. म्हणून मी चिमूटभर पूड गरम पाण्यात टाकून बघतो. आपोआप जोरात फसफसली ती पावडर. रोज सकाळी पेल्यात फेस बघत उभा असतो, आणि आई अक्कांना सांगते, ह्याला पित्त झालंय.